बाग किती दिवसांची? दुकानाला पुढे ठेवणारा एक रकाना

आमचं कृषी सेवा केंद्र तासगाव तालुक्यात, मणेराजुरीच्या वाटेवर. हाकेच्या अंतरावर आणखी पाच दुकानं. पाचही जणांकडे बिलाचं सॉफ्टवेअर, गल्ल्यापाशी क्यूआर कोड, खतासाठी अंगठ्याची पॉस मशीन. औषधं त्याच कंपन्यांची, दरात फरक पडला तर दहा-वीस रुपयांचा. मग द्राक्षबागायतदाराने गाडी आमच्याच दारात का लावावी?

मी बी.एस्सी. ॲग्री. २०१४ पासून या काउंटरवर बसते. तेव्हा मामा, म्हणजे माझे सासरे, म्हणायचे, "बोलणं गोड ठेव, उधारी दे, गिऱ्हाईक कुठं जात नाही." ते जात होतं, मला दिसत होतं. गेल्या सहा-सात हंगामांत आम्ही काँप्युटर आणि मोबाईल वापरून जे केलं त्यातलं काय उपयोगी पडलं आणि कशात पैसे गेले, ते करायच्या क्रमाने सांगते. तुमचा धंदा वेगळा असेल तरी क्रम बहुतेक हाच राहील.

आधी हे मान्य करा: विकत मिळतं ते सगळ्यांना मिळतं

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि आम्ही बिलाचं सॉफ्टवेअर घेतलं. हिशेब सुधारला, रात्री अकरापर्यंत चालणारी बेरीज थांबली. मला वाटलं, आता आपण पुढे गेलो. दिवाळीपर्यंत समोरच्या दुकानातही तेच सॉफ्टवेअर चालू झालं होतं, त्याच माणसाने बसवून दिलेलं. क्यूआर कोडचंही तसंच झालं. व्हॉट्सॲप ग्रुप तर आम्ही सोमवारी काढला आणि शनिवारी शेजाऱ्यांनी काढला. निम्मे मेंबर दोन्हीकडे.

या वस्तू घेऊ नका असं म्हणत नाही. त्या नसतील तर मागे पडाल. फक्त त्यांच्यामुळे पुढे जाल हा हिशेब धरू नका. पुढे जायचं तर मशीनच्या आत असं काहीतरी भरावं लागतं, जे शेजाऱ्याला पैसे मोजूनही मिळणार नाही.

गट्टूवाली एशियन पेंट्स आठवत असेल. त्या कंपनीने १९७० च्या दशकातच मोठा काँप्युटर घेतला होता. काँप्युटर कुठल्याही कंपनीला घेता आला असता. यांनी त्यात कुठल्या गावच्या दुकानात कुठला रंग, किती मापाचा डबा, कधी खपतो हे भरत नेलं आणि त्या अंदाजावर माल पाठवला. दुकानदाराला नको तो डबा पडून राहीना आणि हवा तो अडेना. आपलं दुकान तेवढं मोठं नाही, पण युक्ती तीच लागू पडते.

पहिला महिना काँप्युटरला हात लावू नका. "नाही"ची वही घाला

शंभर पानी वही घ्या. गिऱ्हाईकाला ज्या-ज्या वेळी "नाही" म्हणाल त्या वेळी एक ओळ लिहा: तारीख, काय मागितलं, पुढे काय झालं. आमच्या वहीत पहिल्या महिन्यात चौसष्ट ओळी भरल्या. मला वाटलं होतं की दराची तक्रार जास्त निघेल. दराच्या ओळी नऊच होत्या. एकेचाळीस ओळी "माल संपला, परवा येईल" या जातीच्या होत्या. आणि त्याच महिन्यात मागच्या गोडाऊनला मुदत संपत आलेल्या औषधांचे बारा खोके पडून होते.

म्हणजे आमचं दुखणं दराचं नव्हतं. योग्य आठवड्याला योग्य बाटली फळीवर नसायची. ही वही घातली नसती तर मी बहुतेक डिस्काउंटची स्कीम काढून बसले असते.

तुमच्या वहीत वेगळंच निघेल. कुणाचे फोन उचलले जात नसतील, कुणाचं कोटेशन उशिरा जात असेल. ज्या ओळी सर्वांत जास्त, तेवढंच एक दुखणं धरा. दोन धरलीत की एकही बरं होत नाही, हे मी स्वतः करून पाहिलं आहे.

तुमची "छाटणीची तारीख" कोणती?

द्राक्षवाल्यांचं कॅलेंडर वेगळं असतं. एप्रिलची खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची फळ छाटणी, या दोन दिवसांपासून बागेचं वय मोजतात. आमच्याकडे कुणी "आज २२ ऑक्टोबर" म्हणत नाही. "बाग अठरा दिवसांची झाली" म्हणतात. छाटणी झाली की एक-दोन दिवसांत काड्यांना डोळे फुटण्यासाठी पेस्ट लागते, मग पोंगा म्हणजे फुगलेला डोळा, मग फूट, विरळणी, फुलोरा, सेटिंग, थिनिंग, मण्यात पाणी उतरणं. त्या-त्या टप्प्याला उडद्या, पिठ्या ढेकूण या किडी आणि डाऊनी, भुरी हे बुरशीचे रोग ठरलेले. कोवळ्या फुटीत पाऊस लागला की डाऊनीची भीती, पुढे हवा कोरडी पडून थंडी धरली की भुरीची. थोडक्यात, बाग किती दिवसांची हे कळलं की पुढच्या पंधरवड्यात ती काय मागणार याचा बराचसा अंदाज येतो.

ही माहिती दिवसातून पन्नास वेळा आमच्या काउंटरवर बोलली जायची. "वहिनी, अठ्ठावीस दिवसांची आहे, पान जरा वाकडं दिसतंय." आम्ही औषध द्यायचो, बिल करायचो आणि अठ्ठावीस हा आकडा हवेत सोडून द्यायचो. बिलात नाव, माल, रक्कम, जीएसटी सगळं असायचं, दिवस नसायचा.

तुमच्या दुकानातही असा एक आकडा बोलला जात असणार. गॅरेजवाल्याकडे गाडीचं किलोमीटर, पाण्याच्या फिल्टरवाल्याकडे फिल्टर बदलल्याची तारीख, मंडपवाल्याकडे साखरपुडा झाला पण लग्नाची तारीख ठरायची आहे अशी घरं. गिऱ्हाईक स्वतःहून सांगतं, आपण लिहीत नाही. तो आकडा शोधा. चार दिवस काउंटरच्या मागे नुसतं बसून ऐका.

शीट कशी मांडायची

मी गुगल शीट वापरते, कारण ती काउंटरच्या लॅपटॉपवर, माझ्या मोबाईलवर आणि यांच्या मोबाईलवर एकाच वेळी उघडते. एक्सेल आवडत असेल तर एक्सेल चालेल. आमचे रकाने असे: मोबाईल नंबर, नाव, गाव, बागेचं नाव, जात, एकर, छाटणीची तारीख, आजचा दिवस, शेरा.

मोबाईल नंबर पहिला ठेवला त्याला कारण आहे. आमच्या एका गावात एकाच नावा-आडनावाचे चार जण आहेत, त्यातल्या दोघांच्या वडिलांचं नावही एकच. पहिल्या हंगामात एकाची बाग दुसऱ्याच्या नावावर चढली आणि सोळा दिवसांच्या बागेला पन्नास दिवसांचा निरोप गेला. तेव्हापासून माणसाची ओळख नंबरावरून.

दुसरी गोष्ट मला एका आजोबांनी शिकवली. मी त्यांची एकच ओळ घातली होती. ते म्हणाले, "पोरी, माझ्या तीन बागा आहेत. वड्याकडची, विहिरीची आन् माळावरची. तिन्ही एका दिवशी छाटायला माझ्याकडं दीडशे माणसं हायेत व्हय?" शीटमध्ये एक ओळ म्हणजे एक बाग. शेतकऱ्यामागे ओळ धरली की सगळा हिशेब फसतो. बागेचं नावही तो म्हणतो तेच लिहायचं. "प्लॉट नंबर २" लिहिलं की फोनवर दोघांनाही कळत नाही.

जातीचा रकाना सुरुवातीला मोकळा सोडला होता. कुणी "गणेश" लिहिलं, कुणी "तास गणेश", कुणी "तास-ए-गणेश", आणि ही तर आमच्याच तालुक्यात निघालेली जात. काँप्युटरला त्या तीन वेगळ्या जाती. आता तिथे यादीतून निवडायची सोय केली आहे. डेटा व्हॅलिडेशन म्हणतात तिला, पाच मिनिटांत जमते.

"आजचा दिवस" हा रकाना हाताने भरायचा नाही. बरोबरचं चिन्ह, टुडे, त्यापुढे रिकामा कंस, मग वजाचं चिन्ह आणि छाटणीच्या तारखेचा रकाना, एवढाच फॉर्म्युला. रोज सकाळी शीट उघडली की प्रत्येक बाग एका दिवसाने मोठी झालेली असते. पहिल्यांदा हे मामांना दाखवलं तेव्हा ते दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी बघायला आले, खरंच वाढलं का म्हणून.

इथे एक खड्डा आहे, त्यात मी पडले आहे. शीटची सेटिंग अमेरिकेची असेल तर ती महिना आधी धरते. मी ५ ऑक्टोबर लिहिलं, तिने १० मे वाचलं. वीस ऑक्टोबरला जी बाग पंधरा दिवसांची हवी ती १६३ दिवसांची दाखवत होती. बारा तारखेच्या पुढच्या तारखा तर ती तारीखच मानत नव्हती, नुसता मजकूर म्हणून डाव्या कडेला चिकटलेल्या. दोनशे ओळी पुन्हा भराव्या लागल्या. तेव्हा पहिली ओळ भरण्याआधी फाइलच्या सेटिंग्जमध्ये जाऊन लोकेल, म्हणजे देश, भारत करा. आणि तारीख डाव्या कडेला दिसली तर समजा की काहीतरी चुकलं.

भरायचं कुणी? काउंटरवरच्या पोराने. गर्दीत तो शीट उघडणार नाही, ही अपेक्षाच चुकीची. आम्ही बिलाशेजारी एक पॅड ठेवलं. त्यावर छापलेलं एकच वाक्य, "बाग किती दिवसांची?" आणि खाली रेघा. तो मोबाईल नंबर, बागेचं नाव आणि दिवस खरडतो. दुपारी दोन ते तीन दुकान थंड असतं तेव्हा मी शीटमध्ये चढवते. दिवसावरून तारीख काढणं सोपं: आजच्या तारखेतून तेवढे दिवस मागे. प्रश्न शेतकऱ्याच्याच भाषेतला असल्यामुळे कुणालाही वाटत नाही की आपली माहिती गोळा करतायत. "कृपया आपला फॉर्म भरा" म्हटलं असतं तर दहा जणांनीही भरला नसता.

पहिल्या हंगामात एकशे साठ बागा भरल्या, तिसऱ्यात सहाशेच्या वर गेल्या. एखाद्या आठवड्यात हे होत नाही, आणि तेच बरं आहे. शेजाऱ्याला आज सुरू करायचं म्हटलं तरी त्याचेही तीन हंगाम जाणार.

खरेदी: कंपनीच्या माणसाच्या अंदाजावर की तुमच्या?

पैसा सर्वांत जास्त इथे वाचला. पूर्वी जून-जुलैत कंपन्यांचे प्रतिनिधी बुकिंग स्कीम घेऊन यायचे. अमुक पेट्या उचला, इतके टक्के, वर गोव्याची ट्रिप. मामा अंदाजाने होय म्हणायचे. हंगामाच्या शेवटी उरलेला माल कंपनी परत घेईलच असं नसतं आणि औषधाला मुदत असते. एका वर्षी आमचे पावणेदोन लाख असे फळीवर मेले.

आता शीटवर पिव्होट टेबल काढते. एका बाजूला छाटणीचा आठवडा, दुसरीकडे एकरांची बेरीज. एका वर्षीचं चित्र सांगते: ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आमच्या यादीतली ९० एकर छाटली, दुसऱ्यात १४०, तिसऱ्यात २१०, चौथ्यात ६०. म्हणजे सगळ्यात मोठी लाट तिसऱ्या आठवड्याची. त्या बागा नोव्हेंबरच्या पहिल्या दहा दिवसांत पंधरा-वीस दिवसांच्या होणार, तेव्हा डाऊनीची औषधं आमच्याकडे हवीत. त्याआधी पंधरा दिवस भरून ठेवण्यात भांडवल अडकतं, नंतर चार दिवसांनी आणण्यात गिऱ्हाईक जातं.

किती मागवायचं? औषधाच्या लेबलावरच्या मात्रेने गुणू नका. शेतकरी सगळंच तुमच्याकडून नेत नाही. मागच्या हंगामात ते औषध तुम्ही एकूण किती विकलंत, त्याला यादीतल्या एकरांनी भागा. तो तुमचा खरा एकरी खप. तो यंदाच्या आठवड्याच्या एकरांना लावा आणि वर थोडं पावसासाठी धरा.

पहिल्या वर्षी या हिशेबाने प्रतिनिधीला निम्म्या पेट्या सांगितल्या तेव्हा तो हसला. मामाही गप्प बसले, नाराज होते. फेब्रुवारीत उरलेला माल मोजला, अडतीस हजारांचा निघाला. गोव्याची ट्रिप मात्र गेली ती गेलीच, हे अजून मला अधूनमधून ऐकवतात.

निरोप: थोड्यांना, नेमका

व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज "सुप्रभात" आणि औषधांच्या जाहिराती टाकणारी दुकानं पुष्कळ आहेत. लोक ग्रुप म्यूट करतात. आम्ही ग्रुप बंद केला.

त्याऐवजी सकाळी शीटला फिल्टर लावते, समजा १४ ते २० दिवस. निघालेल्या बागांच्या मालकांना व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्टने निरोप, म्हणजे एकच निरोप प्रत्येकाला वेगवेगळा जातो. एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ नंबर बसतात आणि निरोप फक्त ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. ही अट खूप जणांना माहीत नसते. यादी करतात आणि वाटतं की गेलं सगळ्यांना. म्हणून आम्ही पहिल्या बिलाच्या वेळीच समोर उभं राहून नंबर सेव्ह करून घेतो.

निरोप मराठीत, चार ओळींच्या आत, आणि औषधाचं नाव न घालता: "तुमची विहिरीची बाग आज १७ दिवसांची. उद्या-परवा पावसाचा अंदाज आहे. पानामागे तेलकट डाग दिसतात का बघा. शंका आली तर फोटो पाठवा." बागेचं नाव असलं की माणूस वाचतो. ब्रॉडकास्टमध्ये प्रत्येकाच्या बागेचं नाव आपोआप येत नाही; त्यासाठी व्यवसायाची पैसे देऊन घ्यायची सेवा लागते. आम्ही ती घेतलेली नाही. मोठ्या पन्नास-साठ बागायतदारांना मी निरोप हाताने पाठवते, बाकीच्यांना "तुमची १४ ते २० दिवसांची बाग" असा जातो. चालतं.

२०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीचा पाऊस हटता हटेना, ते आठवत असेल. आमच्या शीटचा तो पहिलाच मोठा हंगाम. सगळ्यांचे फोन एकदम येत होते आणि दोघंच सल्ला देणारे, मी आणि हे. तेव्हा आम्ही शीट दिवसांप्रमाणे लावली आणि कोवळ्या फुटीतल्या व फुलोऱ्यातल्या बागांना आपणहून आधी फोन केले. बाकीच्यांना सांगितलं, संध्याकाळी बोलू. सगळ्या बागा वाचल्या असं सांगितलं तर ते खोटं होईल. ट्रॅक्टर चिखलात रुतायचा, फवारलेलं धुऊन जायचं. काही बागा हातच्या गेल्या. एकाने दुकानात येऊन मला चार शब्द सुनावले की माझ्या बागेला फोन का नाही आला. त्याची तारीखच आमच्याकडे नव्हती. पुढच्या वर्षी छाटणीच्या दिवशी सर्वांत पहिला फोन त्याचाच: "लिहून घ्या, आज छाटली."

बाटली न विकणारं बिल

हे माझं सर्वांत आवडतं, आणि सर्वांत जास्त वाद यावरच झाला. निर्यातीच्या द्राक्षात औषधाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाला तर माल अडकतो. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वॅट क्लोराईडच्या अंशावरून युरोपात आपले कंटेनर अडकले होते, जुने बागायतदार अजून ते वर्ष विसरलेले नाहीत. प्रत्येक औषधाला शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस सोडायचे हे ठरलेलं असतं. त्याला पीएचआय म्हणतात. मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राची यादी दर हंगामाला येते.

आम्ही शीटमध्ये दुसरं पान केलं: औषध आणि त्याचा पीएचआय. बागेच्या ओळीत अंदाजे काढणीचा दिवस. औषध निवडलं की उरलेले दिवस आणि पीएचआय यांची तुलना होऊन घर हिरवं किंवा लाल होतं. कंडिशनल फॉरमॅटिंग, दहा मिनिटांचं काम. यादी मात्र दर वर्षी नवी भरायची, जुनीवर विसंबायचं नाही.

लाल झालं की आम्ही ते औषध देत नाही. समोर लॅपटॉप फिरवून दाखवतो. एक जण चिडून समोरच्या दुकानातून घेऊन गेला, साडेतीन हजारांचं बिल गेलं. हे म्हणाले, "अशानं धंदा व्हायचा नाही." महिनाभराने त्याच माणसाचा भाऊ आला. त्याला निर्यातीचा व्यापारी फवारणीची नोंद मागत होता, आणि आमच्याकडे त्याच्या बिलावर औषध, बॅच नंबर, तारीख आणि बाग किती दिवसांची होती हे सगळं होतं. दोन पानांची प्रिंट काढून दिली, पैसे घेतले नाहीत. आता निर्यातवाले बागायतदार त्या प्रिंटसाठीच सगळी खरेदी एका जागी करतात.

२०२२ मध्ये कीटकनाशकं ऑनलाइन विकायला नियमात वाट झाली आणि घरपोच औषधं देणारी ॲप आमच्या गावातही पोचली. दरात आम्ही त्यांना पुरे पडणार नाही. लाल झालेलं घर पाहून "हे आता मारू नको" म्हणणारं माणूस गावात असतं, त्याच्यावर आमची मदार.

उधारी

थोडक्यात सांगते. उधारी माल विकल्यावर फिटते, आणि बेदाणा करणाऱ्याचे पैसे सौद्यानंतर आणखी उशिरा येतात. आम्ही तगादा तारखेला बांधला. काढणीच्या अंदाजे दिवसानंतर पंधरवड्याने खातेउताऱ्याची पीडीएफ जाते, सोबत क्यूआर. फुलोऱ्यात पैसे मागायला जात नाही. त्या वेळी मागून कुणाकडेही नसतात आणि मन मात्र दुखतं. एखाद्याचा व्यापारी पैसे बुडवून पळाला असेल तर शेऱ्यात लिहून ठेवते, त्याला तो निरोप जात नाही, हे स्वतः जाऊन बोलतात.

ॲपवाला दारात आला तर

शीटच्या आधी, २०१८ मध्ये, आम्ही एक तयार ॲप घेतलं होतं. नाव सांगत नाही. वर्षाचे अठरा हजार, डेमो झकास. त्यात शेतकरी होता, बाग नव्हती. तारीख होती, दिवस नव्हता. "पुढच्या अपडेटमध्ये देतो" हे आठ महिने ऐकलं. बंद करताना म्हटलं, आमची नावं-नंबर काढून द्या. उत्तर आलं, तशी सोय नाही. दोनशे दहा नावं मी स्क्रीनवरून वहीत उतरवून घेतली.

आता कुणी आलं की तीन गोष्टी विचारते. माझी सगळी माहिती मला एक्सेलमध्ये कधीही काढता येईल का, आत्ता माझ्यासमोर काढून दाखवा. मला हवा तो रकाना मी स्वतः वाढवू शकते का. आणि नेट बंद असताना बिल होतं का, कारण ऑक्टोबरच्या पावसात आमच्याकडे दोन-दोन दिवस नेट नसतं. पहिल्याच प्रश्नाला बरेच जण चहा न घेता उठतात.

यादी सांभाळा

एका कंपनीच्या प्रतिनिधीला मी एकदा शंभर नंबर दिले. मेळावा घ्यायचाय म्हणाला. पुढच्या महिन्यात लोकांना दिवसाला चार-चार फोन जायला लागले आणि दोघांनी मला तोंडावर विचारलं, "वहिनी, आमचा नंबर विकला का?" चूक माझीच. त्या दिवसापासून यादी कुणालाही नाही, मेळावा असेल तर निरोप आम्हीच पाठवतो. शीटला बदल करण्याची परवानगी दोघांनाच, पोराकडे फक्त पॅड. दर रविवारी एक प्रत पेनड्राईव्हवर, आणि तो पेनड्राईव्ह दुकानात नाही, घरी देव्हाऱ्याच्या खणात.

आठवड्यातून एकदा एवढंच बघा

"नाही"ची वही अजून चालू आहे. आठवड्याच्या ओळी मोजते. मुदत चार महिन्यांच्या आत आलेला माल किती रुपयांचा, ते बघते. आणि तिसरं: ज्यांनी पेस्ट आमच्याकडून नेली पण बाग तिसाव्या दिवसाच्या पुढे गेली तरी दुसरं बिल नाही, असे कोण. बिलाच्या सॉफ्टवेअरमधून आठवड्याची यादी एक्सेलमध्ये काढायची आणि मोबाईल नंबरवर व्ही-लुकअप, म्हणजे दोन याद्या जुळवणारा फॉर्म्युला, लावायचा. गेल्या हंगामात अशी एकवीस नावं निघाली. मी स्वतः फोन केले, विकायला नाही, नुसतं विचारायला. सहा जणांनी बाग काढून टाकली होती. चौघं ॲपवर गेले. एकाची आई आजारी होती, बागेकडे बघायला घरात कुणी नव्हतं. आणि सात जणांनी कारण दिलं ते असं की आमच्या दारात संध्याकाळी गाडी लावायला जागा नसते.

शीटमध्ये जागेचा रकाना नव्हता. शेजारचा मोकळा तुकडा आम्ही जूनपासून भाड्याने घेतलाय, मुरूम टाकून झालाय. नव्या हंगामाची फाइलही तयार आहे: जुनीची प्रत काढली, नाव बदललं, छाटणीच्या तारखेचा रकाना पुसून कोरा केला. काल पहिला फोन आला. वड्याकडची बाग, दोन एकर, सोमवारी छाटणार.